क्लेमच्या कबरीवरचा ससा

मर्टल बेडोजचा नवरा फेब्रुवारीत गेला आणि सप्टेंबर उजाडला तरी तिच्या डोळ्यांतून पाण्याचा टिपूस आला नव्हता. गावाने याचा अर्थ ती फार खंबीर बाई आहे असा लावला. आमच्या गावाला अर्थ लावायला वेळ लागत नाही. पोस्टातल्या बाईपासून पाद्रीबाबांपर्यंत सगळे म्हणायचे, “किती सावरलीय बघा.” मर्टल मान हलवायची आणि चालू पडायची. ती सावरलेली वगैरे काही नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती नुसती बंद पडली होती. सकाळी लापशी, दुपारी डब्यातली नासपती, संध्याकाळी टोस्ट, असं सात महिने चाललं होतं, आणि यातल्या कशालाच चव नाही हेसुद्धा तिच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

रविवारची उपासना संपली की गावातल्या विधवा आपापल्या नवऱ्यांच्या कबरींशी जातात. यूनिस ट्रँटर तर घडीची खुर्ची घेऊन जाते आणि तिच्या हॅरल्डला पेपर वाचून दाखवते. “ऐकतोस ना? डिझेल पुन्हा वाढलं.” हॅरल्ड जिवंत असताना तिने त्याला पेपरला हात लावू दिला नव्हता, पण ते असो. मर्टलला हे जमायचं नाही. ती क्लेमच्या लाकडी क्रूसापाशी उभी राहायची, चार गवताच्या काड्या उपटायची आणि घरी यायची. दगड बसवायला अजून अवकाश होता. माती नीट बसल्याशिवाय दगड लावत नाहीत, आणि क्लेमची माती बसायचं नाव घेत नव्हती.

याला कारण ससा. एका शनिवारी सकाळी यूनिस मागच्या दाराने आत आली. ती चर्चची व्यवस्था बघते आणि गावातल्या बाकीच्या गोष्टी कोणी न सांगता बघते. आल्या आल्या तिने किटली गॅसवर ठेवली, स्वतःच्याच घरात असल्यासारखी.

“मर्टल, क्लेमच्या कबरीवर पुन्हा उकरलंय. कार्नेशनची फुलं तर देठासकट गट्टम.”

“बघितलं मी.”

“तोच तो थोराड नर. कपाळावर पांढरा ठिपका असलेला. बाकीचे बिचारे गवत खातात, हा मेला हद्द आखत बसतो. आणि आता तर भोकच पाडलंय गं, कडेने. हात जाईल एवढं.” यूनिसने आवाज खाली आणला. “मी पाद्रीबाबांशी बोललेय. हा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी टेनबरीचा माणूस येतोय. फेरेट घेऊन.”

फेरेट म्हणजे मुंगसासारखी पाळीव जनावरं, ती बिळात सोडली की ससे बाहेर पळतात. मर्टलचे वडील क्ली टेकडीवर हाच धंदा करायचे, त्यामुळे पुढचं तिला कोणी सांगायला नको होतं. तरी तिने विचारलं.

“आणि फेरेट आत अडकलं तर?”

“तर काय? खणून काढणार. अगं, महागडी असतात ती.”

“कुठं खणणार?”

यूनिसने कपात साखर टाकली, ढवळली, पुन्हा ढवळली. “जिथं अडकेल तिथं.”

“नाही,” मर्टल म्हणाली.

“नाही म्हणजे?”

“क्लेमवर फावडं चालवायचं नाही.”

हे ती इतकं सपाट आवाजात म्हणाली की यूनिसला वाटलं हवामानाबद्दलच काहीतरी बोलतेय. राग नव्हता, हट्ट नव्हता. पण सात महिन्यांत मर्टलने कशालाच नाही म्हटलं नव्हतं. अंत्यविधीला कुठली स्तोत्रं, शवपेटीला कुठलं लाकूड, जेवणाला हॅम की चिकन, सगळ्याला ती हो म्हणाली होती. यूनिस चमच्यासकट थांबली.

“तो ससा मी मारते,” मर्टल म्हणाली. “सोमवारच्या आत मारला तर माणूस येणार नाही. पाद्रीबाबांना सांग.”

“कशानं मारतेस? लाटण्यानं?”

हा प्रश्न बरोबर होता. क्लेमची बंदूक आता मर्टलकडे नव्हती. ‘प्लाऊ’ पबमध्ये शेकोटीवरच्या भिंतीवर ती टांगली होती, खाली पितळी पाटी. अंत्यविधीच्या दिवशी ‘प्लाऊ’तल्या स्टॅन गॉफने टोपी हातात घेऊन ती मागितली होती, आणि मर्टलने त्यालाही हो म्हटलं होतं. तशी ती बंदूक सशाच्या कामाची नव्हतीच. ती घंटेची बंदूक. आमच्याकडे प्रत्येक पबला घंटेची टीम असते. भिंतीवर लोखंडी पत्रा, पत्र्याला बोट जेमतेम जाईल एवढं भोक, भोकामागे घंटा. सहा यार्डांवरून छर्रा मारायचा. भोकातून गेला की घंटा वाजते आणि पाच गुण मिळतात, नाही गेला तर पत्र्यावरच्या ओल्या पांढऱ्या रंगावर डाग उठतो आणि सगळा पब तुमची अक्कल काढतो. असल्या बंदुकीने सशाला फार तर गुदगुल्या झाल्या असत्या.

सोमवारी मर्टल बस पकडून लडलोला गेली. बाजाराच्या मागे बर्ट्रम ओकलीचं बंदुकांचं दुकान आहे. ओकली पन्नाशीचा, कानावर पेन्सिल, आणि गिऱ्हाइकाने तोंड उघडायच्या आत त्याला काय हवंय ते ओळखल्याचा तोरा.

“एअर रायफल हवी होती,” मर्टल म्हणाली.

“नातवासाठी का, बाई?”

“सशासाठी.”

ओकलीने पेन्सिल कानावरून काढली आणि परत कानावर ठेवली. मग त्याने एक आखूड, हलकी, देखणी बंदूक काउंटरवर ठेवली. मर्टलने ती खांद्याला लावली, खिडकीबाहेरच्या गटाराच्या पायपावर नेम धरला आणि खाली ठेवली.

“ही कुणासाठी बनवलीय?”

“हलकी आहे ना, बायकांना बरी पडते.”

“हलकी बंदूक माझ्या श्वासाबरोबर हलते. जड दाखवा.”

मग ओकलीने स्प्रिंगची काढली, नळी मोडून भरायची. ना पंप, ना नळकांडं, पावसात पडली तरी चालते, आमच्या बापाच्या वेळची आहे अजून, असं त्याचं कौतुक चालू असताना मर्टलने नळी खाली दाबली. एकदा जमली. दुसऱ्यांदा मनगटातून कळ गेली आणि नळी अर्ध्यातच राहिली. दुखलं हे तिला कळलं, पण दुसऱ्याच कोणाला दुखावं तसं. शिवाय स्प्रिंगच्या बंदुकीचा दणका तिला चांगला माहीत होता. आधी मागे, मग पुढे, आणि घट्ट धरली तर छर्रा भलतीकडे. ती तरुणपणी असल्या बंदुकीची मर्जी सांभाळायची. आता तिला कोणाचीच मर्जी सांभाळायची नव्हती.

“गॅसच्या कुपीवर चालणारी आहे,” ओकली म्हणाला. “वापरायला एकदम सोपी. फक्त थंडीत गॅसचा जोर जरा बसतो.”

“आमच्याकडे जुलै सोडला तर थंडीच असते.”

“तेही खरंच.” आता ओकलीचा तोरा जरा उतरला होता. त्याने मागच्या कपाटाला किल्ली लावली आणि लांब नळीची, अक्रोडाच्या दस्त्याची एक बंदूक दोन्ही हातांनी आणली. “ही बघा. हवा आधीच भरलेली. चाप ओढला की सुटली. झटका नाही, आवाज नाही. पण हवा भरायला पंप मारावा लागतो, बाई. उभ्यानं. शंभर-दीडशे वेळा.”

“एकतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात होते मी. रोज नव्वद पोरांचे बटाटे कुस्करायचे. उभ्यानंच.”

तिने बंदूक खांद्याला लावली. दस्ता गालाला बरोबर जागी बसला. पूर्वी असं झालं की तिला आपोआप हसू फुटायचं. तिने वाट बघितली. काही झालं नाही. तरी बंदूक योग्य आहे एवढं तिच्या हातांना कळत होतं, आणि सध्या हातांचंच ऐकायचं असं तिने ठरवलं.

“जाड छर्रा की बारीक?” ओकलीने विचारलं, आणि उत्तरही दिलं. “सशाला जाडच घ्या. सगळे तोच घेतात. थोडा इकडेतिकडे लागला तरी भागतं.”

“इकडेतिकडे म्हणजे कुठं?”

“म्हणजे... पोटाबिटात.”

“मग ससा बिळात जाऊन मरतो.”

“जातो कधीकधी.”

“तो मला बिळात नकोय,” मर्टल म्हणाली. ते बीळ कोणाच्या अंगाखाली गेलंय हे तिने सांगितलं नाही. “बारीक द्या. सरळ जातो. डोक्यात लागला तर लागला, नाहीतर मी चाप ओढणारच नाही.”

दुकानामागच्या बोळात ओकली गिऱ्हाइकांना चार छर्रे मारून बघू देतो. मर्टलने चार मारले. कागदावर चारही एका बटणाखाली झाकले गेले असते. ओकलीने कागद उजेडात धरून बघितला, मग त्याने दुर्बीण बसवून दिली, पंप दिला, छर्ऱ्यांचा डबा दिला, आणि निघताना दार धरून म्हणाला, “दुर्बीण मात्र पुन्हा जुळवून घ्या, मिसेस बेडोज. जिथं मारणार त्या अंतरावर.”

मर्टलने मान हलवली. तिच्या मनात ‘प्लाऊ’ आला. दुसरं काही येण्याचं कारणच नव्हतं. बंदूक जुळवायची म्हणजे ‘प्लाऊ’त जाऊन पत्र्यावर जुळवायची, हे आमच्या गावात रांगणाऱ्या पोराला ठाऊक असतं.

दुसऱ्या दिवशी तिने स्वयंपाकघराच्या मधोमध पंप ठेवला, दोन्ही पायांनी त्याच्या पट्ट्या दाबल्या आणि वर-खाली सुरू केलं. पन्नासला थांबून चहा, शंभरला थांबून चहा. यूनिस खिडकीवरून जात होती. मर्टल पुन्हा पुन्हा कमरेत वाकतेय आणि उठतेय एवढंच तिला दिसलं. अखेर बाईला हुंदका फुटला, असं यूनिसने संध्याकाळपर्यंत अकरा घरी सांगितलं.

गुरुवारी संध्याकाळी मर्टल बंदूक घेऊन ‘प्लाऊ’त शिरली. लोकांनी आपापल्या ग्लासात बघायला सुरुवात केली. आठवडाभर सराव चालू होता, ऑक्टोबरात सामने सुरू होणार होते. पत्र्याजवळ हातात ब्रश घेऊन स्टॅन गॉफ उभा होता. क्लेमनंतर कप्तान तोच झाला होता. माणूस चांगला, पण अवघड प्रसंगी काय बोलावं हे त्याला कधीच सुचत नाही आणि तरीही तो बोलतोच.

“अरे वा, मर्टल! सँडविच आणलीस?”

“बंदूक आणलीय. जुळवायची आहे.”

आता हे सांगायलाच हवं की या पत्र्यावर क्लेमच्या आधी मर्टलचं नाव होतं. बावीस वर्षांची मर्टल ससेवाल्या बापाबरोबर टेकडीवरून यायची आणि पाचात पाच घंटा वाजवून जायची. क्लेम चार वाजवायचा. पाचवा छर्रा तो नेहमी वर मारायचा, आणि मर्टल ब्रशने डाग पुसता पुसता म्हणायची, “कुणाला मारताय, वरच्या मजल्यावरच्या पाहुण्यांना?” पुढे लग्न झालं, आणि एका घरातून टीममध्ये एकच असा तेव्हाचा नियम होता. कोणी राहायचं यावर घरात चर्चा झाली नाही. क्लेम टीममध्ये राहिला, पुढे कप्तान झाला, आणि मर्टलने चाळीस वर्षं पाहुण्या टीमसाठी सँडविच केली. तिने कधी तक्रार केली नाही. मला विचाराल तर करायला हवी होती.

ती सहा यार्डांच्या पट्टीवर उभी राहिली. पहिला छर्रा भोकाच्या दोन बोटं खाली लागला. स्टॅनने पुढे येऊन दुर्बिणीचा स्क्रू फिरवला, मर्टलने पुन्हा मारला, स्टॅनने पुन्हा फिरवला. पाचव्या छर्ऱ्याला घंटा वाजली. मग सहाव्याला, सातव्याला, आठव्याला. कोपऱ्यातल्या म्हाताऱ्या पर्सीने पाइप तोंडातून काढला. सगळा पब तिच्या चेहऱ्याकडे बघत होता. आता ही रडणार, अशी सगळ्यांना खात्री होती, आणि दोघा-तिघांनी तर रुमालही चाचपले.

मर्टललाही वाटलं होतं की घंटा ऐकून काहीतरी हलेल. म्हणूनच तर ती इतका वेळ मारत राहिली. पण तिला घंटा वाजल्यासारखी वाजली. पत्र्याचा आवाज, बास. तिने बंदूक खाली केली.

“मर्टल,” स्टॅन घसा खाकरून म्हणाला, “तो नियम केव्हाच गेलाय. ऑक्टोबरात उभी राहशील आमच्याबरोबर?”

“आणि सँडविच कोण करणार?”

स्टॅनने ब्रश रंगाच्या डब्यात बुडवला. पर्सी मोठ्याने हसला, मग त्याला आठवलं की हसायचं नाही, आणि त्याने पाइप परत तोंडात घातला. मर्टलने बंदूक पिशवीत घातली आणि सगळ्यांना बरंय म्हणून घरी गेली.

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजता ती चर्चच्या आवारात पोचली. यूनिसने फाटक ओढून घेऊन त्यावर ‘आज संध्याकाळी आत येऊ नये’ अशी पाटी लावली होती, आणि पाटीखाली सही केली होती. मर्टलने चर्चमधली गुडघे टेकायची एक उशी घेतली, आवारातल्या जुन्या झाडाखाली पोटावर पडली आणि बंदूक उशीवर टेकवली. क्लेमचा क्रूस तिथून अठ्ठावीस पावलांवर. मागे मातीचा उंच बांध, म्हणजे छर्रा पलीकडे जायची भीती नाही. हे सगळं तिने व्यवस्थित पाहिलं. बाप असता तर त्याने मान डोलावली असती.

सात वाजायच्या सुमाराला ससे बाहेर आले. आधी दोन लहान, मग एक जाडी मादी, आणि मग तो. कपाळावर पांढरा ठिपका. तो थेट क्लेमच्या कबरीवर आला, क्रूसासमोर बसला आणि पुढच्या पायांनी माती उकरायला लागला. माती मागे उडत होती. मर्टलने दुर्बिणीतून त्याच्या डोळ्याच्या नि कानाच्या मधली जागा धरली. श्वास सोडला. चाप ओढला.

टक् असा आवाज झाला. लाकडाचा. ससा एका उडीत बिळात.

मर्टल जरा वेळ तशीच पडून राहिली. मग गुडघ्यांवर हात ठेवून उठली आणि अठ्ठावीस पावलं चालत गेली. क्रूसावर क्लेमंट जॉन बेडोज असं नाव कोरलेली पट्टी होती, आणि पट्टीच्या बरोबर वर लाकडात छर्रा रुतला होता.

काय झालं ते तिला तिथेच, क्रूसाला हात लावताना कळलं. दुर्बीण नळीच्या वर बसते. सहा यार्डांवर छर्रा दुर्बिणीच्या रेषेत आणायचा तर नळीचं तोंड वर करावं लागतं. स्टॅनने स्क्रू फिरवून तेच केलं होतं. मग सहा यार्डांपुढे छर्रा वरच जात राहतो, आणि अठ्ठावीस पावलांवर चार बोटं वर निघतो. ओकलीने सांगितलं होतं. सांगायचीही गरज नव्हती. मर्टल सशांच्या घरात वाढली होती. पण चाळीस वर्षं जिच्या जगात फक्त सहा यार्डांची पट्टी उरते, तिच्या हातून दुसरं काय होणार? एखाद्या शेतकऱ्याकडून ही चूक झाली नसती. ती घंटेवाल्यांचीच.

“चार बोटं वर, क्लेम,” ती मोठ्याने म्हणाली. “तू मारायचास तसा. तूच बघ आता. तुझ्याच क्रूसात मारला मी.”

सात महिन्यांत ती त्याच्याशी बोललेली ही पहिली वाक्यं. तिचं तिलाच दचकायला झालं. तिने इकडेतिकडे बघितलं. मग ती उभी राहिली, आता काहीतरी येईल म्हणून. घशात येईल, डोळ्यांत येईल, कुठेतरी येईल. यूनिसला येतं, सगळ्यांना येतं. काहीच आलं नाही. क्रूस लाकडाचा होता आणि माती मातीची होती. आपल्यात काहीतरी कायमचं तुटलंय, असं तिला त्या वेळी वाटलं, आणि त्याचीही तिला भीती वाटली नाही. तिने उकरलेली माती हाताने सारखी केली आणि ती घरी गेली.

शनिवारी सकाळी तिने कपडे वाळत घालायच्या खांबाला बिस्किटांच्या डब्याचं झाकण बांधलं, अठ्ठावीस पावलं मोजली आणि दुर्बीण नव्याने जुळवली. चौदा छर्रे लागले. शेवटचे तीन एकाच भोकातून गेले. आता तिच्याजवळ एकच संध्याकाळ होती. रविवारी सुगीची उपासना, दिवसभर आवारात माणसं, आणि सोमवारी सकाळी आठला टेनबरीचा माणूस. त्याने फोन करून विचारलं होतं म्हणे की गाडी चर्चच्या किती जवळ आणता येईल, फावडी-कुदळी जड असतात.

ती पाच वाजताच जाऊन पडली. चर्चच्या आत यूनिस एकटीच सुगीची सजावट करत होती. भोपळे, कांद्याच्या माळा, गव्हाच्या पेंढीच्या आकाराचा मोठा पाव. मधूनच काहीतरी जमिनीवर आपटल्याचा आणि यूनिसने देवाच्या घरात तोंडात येऊ नये असा शब्द उच्चारल्याचा आवाज येई. सहा वाजले. साडेसहा वाजले. ऊन बांधावर चढलं. लहान ससे आले, मादी आली, तो आला नाही. मर्टलचे कोपर बधिर झाले. आज नाही आला तर, एवढं एकच तिच्या डोक्यात फिरत होतं. आज नाही आला तर सोमवारी एक परका माणूस क्लेमच्या छातीवर उभा राहून फावडं मारेल, आणि मी कुंपणाबाहेर उभी राहून बघेन. आणि मला तेव्हाही काही वाटणार नाही.

सात वाजून गेल्यावर तो आला. आधी नुसतं डोकं बिळातून बाहेर, ठिपका आणि दोन कान. मर्टलने चाप ओढला नाही. डोकंच दिसत होतं, नेम सोपा होता, पण लागल्यावर तो मागे आत पडला असता. ती थांबली. ससा पूर्ण बाहेर आला, दोन उड्या मारून क्रूसासमोर बसला, पुढचे पाय वर घेऊन त्याने तोंड पुसलं. तिने श्वास सोडला.

या वेळी लाकडाचा आवाज झाला नाही. ससा जागच्या जागी कुशीवर झाला, मागच्या पायांनी एकदा हवेत पळाला आणि थांबला. बाकीचे ससे कुंपणाकडे पांगले.

मर्टल उठून गेली. झालं होतं. आता कोणी खणायला येणार नव्हतं. तिने बंदूक क्रूसाला टेकवली, सशाला मागच्या पायांना धरून उचललं आणि गवतावर बसली. मारलेल्या सशाचं एक काम लगेच करायचं असतं, नाहीतर मांसाला वास लागतो. पोटावरून अंगठा खाली दाबत न्यायचा आणि त्याचं मूत काढून टाकायचं. सात वर्षांची असल्यापासून तिने हे शेकडो वेळा केलं होतं. तिने ससा मांडीवर उताणा घेतला आणि पोटावर हात ठेवला.

पोट गरम होतं. मऊ केसांखाली चांगलं गरम, पांघरुणातून आत्ताच उठल्यासारखं. तिचा अंगठा हलेना.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी ती चहा घेऊन वर गेली होती. क्लेम कुशीवर झोपलेला. तिने बनियनच्या आत हात घातला, त्याला जागं करायची तिची पद्धतच होती ती, थंड बोटांनी. त्या दिवशी तिची बोटं गरम होती आणि तो थंड होता. मर्टलने कोणाला हाक मारली नाही. तिने कपाटातल्या सगळ्या रजया काढल्या, एकावर एक त्याच्यावर घातल्या, आत शिरून त्याला पाठीमागून धरलं आणि तो गरम होईल म्हणून वाट बघत बसली. दीड तास. मग उठली, चेहरा धुतला, रजया घड्या घालून ठेवल्या आणि डॉक्टरला फोन केला. हे तिने कोणालाही सांगितलं नव्हतं. यूनिसला नाही, पाद्रीबाबांना नाही.

तिने दुसराही हात सशावर ठेवला. दोन्ही तळव्यांना ऊब लागत होती, आणि ती कमी होतेय हेही कळत होतं. तिने कोटाची बटणं काढली आणि ससा कोटाच्या आत, छातीशी धरला. तिच्या तोंडातून एक आवाज निघाला. तो आपलाच आहे हे तिला आधी कळलंच नाही. मग तो थांबेना.

चर्चचं दार उघडलं आणि यूनिस हातात भोपळा घेऊनच बाहेर आली.

“मिळाला का गं? मर्टल? अगं, काय झालं? लागलं का तुला कुठं?”

मर्टलने मान वर केली. तोंड ओलं झालं होतं, नाक वाहत होतं, कोटातून सशाचे कान बाहेर आले होते.

“गरम आहे गं, यूनिस,” ती म्हणाली. “अजून गरम आहे. थोडं आधी वर गेले असते तर तोही असता.”